विश्लेषण : मोटारीचा हीटर कधी गरम, कधी गार का होतो? दुरुस्तीआधी काय तपासावे?

महाराष्ट्रातील बहुतेक मोटारींमध्ये हीटरची कळ वर्षातले दहा महिने निळ्या टोकाला पडून असते. निफाड-नाशिकचा पारा एक आकडी होतो, नागपुरात पहाटे हुडहुडी भरते किंवा कुणी सहकुटुंब मनालीकडे गाडी काढते, तेव्हा ती कळ पहिल्यांदा लाल टोकाला जाते. मग लक्षात येते की हीटर चालतो, पण धड चालत नाही. गाडी पळत असते तोवर ऊबदार हवा येते आणि सिग्नलला थांबले की गार. कुणाच्या गाडीत नेमके उलटे होते. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे सगळे सुरळीत. ‘थंडीचे चारच दिवस आहेत, चालवून घ्या,’ असा सल्ला घेऊन मालक परत येतो.

हा सल्ला पुष्कळदा महागात पडतो. हीटर म्हणजे मोटारीत वेगळे बसवलेले चैनीचे यंत्र नव्हे. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचीच ती एक शाखा आहे. त्यामुळे हीटरचा लहरीपणा ही कधी डॅशबोर्डमागच्या प्लास्टिकच्या झडपेची किरकोळ कुरबुर असते, तर कधी इंजिनातले कूलंट संपत आल्याची पहिली सूचना. यातले नेमके काय आहे, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येते.

मोटारीत ऊब येते कुठून?

पेट्रोल किंवा डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांशच चाके फिरवायला कामी येते. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमधून बाहेर जाते. वॉटर पंप हे कूलंट फिरवत ठेवतो आणि समोरचा रेडिएटर ते थंड करतो. याच मंडलातून रबराच्या दोन नळ्या इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येतात आणि डॅशबोर्डमागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरला मिळतात. त्याला हीटर कोअर म्हणतात. आकार जाडजूड वहीएवढा. ब्लोअरची हवा त्याच्या पापुद्र्यांमधून जाते आणि गरम होऊन आपल्या पायांवर किंवा काचेवर येते. म्हणजे इंजिनाने टाकून दिलेली उष्णताच आपण वापरतो. एसीसारखा वेगळा इंधनखर्च त्यात जवळपास नसतो.

कोअरमधून किती हवा जाऊ द्यायची, हे एक झडप ठरवते. कळ निळीकडे फिरवली की झडप कोअर झाकते आणि लालकडे फिरवली की उघडते. जुन्या बऱ्याच गाड्यांत याशिवाय कोअरकडे जाणारे पाणीच बंद करणारा व्हॉल्व्ह असतो, तारेने ओढला जाणारा.

यात आणखी एक महत्त्वाचे पात्र आहे, थर्मोस्टॅट. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘व्हॉल्व्ह’ही म्हणतात. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे कूलंट आतल्या आत फिरून लवकर तापते. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, गाडीगणिक थोड्याफार फरकाने, तो उघडू लागतो.

तेव्हा ऊबदार हवेसाठी तीन गोष्टी लागतात : कूलंट पुरेसे तापलेले हवे, ते कोअरमधून वाहायला हवे आणि झडप उघडी हवी. ऊब येऊन-जाऊन असते तेव्हा या तिन्हींपैकी एक गोष्ट येऊन-जाऊन असते.

मग पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

‘काय बिघडले?’ हा नव्हे. ‘गार कधी होतो?’ हा. मेकॅनिककडे जाऊन ‘हीटर मध्येच बंद पडतो’ एवढेच सांगितले, तर तो अंदाजाने सुटे भाग बदलत जाईल आणि प्रत्येक अंदाजाचे बिल आपण भरू. दोन-तीन दिवस गाडी चालवताना नीट लक्ष ठेवावे. गार हवा थांबल्यावर येते की पळताना? चढावर की उतारावर? बदल हळूहळू होतो की फटकन? इंजिनाच्या तापमानाची सुई त्या वेळी काय करते? हवेचा जोर तेवढाच राहतो का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढावा. हवाच कमी-जास्त होत असेल, तर दोष ब्लोअरची मोटार, तिचा रेझिस्टर किंवा वायरिंगचा कनेक्टर यांच्यात आहे. वर्षानुवर्षे न बदललेला, धुळीने बुजलेला केबिन फिल्टरही हवा अडवतो. कूलंटशी त्याचा संबंध नाही. जोर तोच राहून केवळ ऊब येत-जात असेल, तरच पुढचे वाचा.

सिग्नलला गार आणि पळताना गरम, याचा अर्थ काय?

ही सर्वांत जास्त आढळणारी तऱ्हा आहे आणि सर्वांत गांभीर्याने घ्यावी अशीही हीच. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन हळू फिरत असताना प्रवाह मंद असतो. कूलंट कमी झाले असेल, तर मंडलात हवा शिरते आणि अनेक गाड्यांत हीटर कोअर उंचावर असल्याने ती तिथेच अडकून बसते. मेकॅनिक त्याला ‘एअर लॉक’ म्हणतात. वेग वाढला की पंपाचा दाब त्या हवेला मागे सारून कूलंट आत ढकलतो आणि ऊब येते. थांबले की पुन्हा हवेचे राज्य.

पडताळा सोपा आहे. इंजिन पुरते तापल्यावर गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी आणि अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून फेऱ्या मिनिटभर २,००० ते २,५०० वर धराव्यात. तेवढ्यात हवा गरम झाली आणि पाय काढताच पुन्हा गार पडू लागली, तर प्रश्न प्रवाहाचा आहे. डॅशबोर्डमागून बाटलीतून पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येत असेल, तर मंडलात हवा शिरल्याची जवळजवळ खात्रीच. ही तपासणी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात करू नये. चालू इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

त्यानंतर कूलंटची पातळी पाहावी, इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा गाडी काढण्याआधी. प्लास्टिकच्या बाटलीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. इथे एक फसगत होते. बाटली भरलेली दिसली म्हणजे रेडिएटर भरलेला असतोच असे नाही. ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळे झाकण असते, त्यांत इंजिन गार होताना बाटलीतले कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. झाकणाचा रबर खराब झाला किंवा बाटलीकडची बारीक नळी चिरली, तर हे ओढणे थांबते. बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून अशा गाडीत, इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री करून, झाकण उघडून आत पाहावे. गरम इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते कूलंट दाबाने तोंडावर, हातावर उसळते. थांबण्याचा वेळ वाचवायला गेलेल्यांना भाजल्याच्या जखमा घेऊन रुग्णालय गाठावे लागते.

पातळी कमी निघाली, तर भरून विषय संपत नाही. कूलंट हे पेट्रोलसारखे जळून संपत नसते. ते कमी झाले म्हणजे कुठून तरी गेले. नळीच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, वॉटर पंपाखालचे ओघळ आणि खुद्द हीटर कोअर या नेहमीच्या जागा आहेत. बाहेर कुठेच ओल नाही, तरी दर पंधरवड्याला पातळी उतरते आणि काढून टाकलेली हवा पुन्हा पुन्हा भरते, असे होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. या गॅस्केटला बारीकशी फट पडली, की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. झाकणाजवळच्या हवेतला ज्वलनवायू ओळखणारे निळे द्रव मिळते. वायू असेल तर ते पिवळे पडते. चाचणी दहा मिनिटांची आहे आणि हेड उतरवण्याच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही. चांगल्या गॅरेजमध्ये तिचा आग्रह धरावा.

हीटर गार आणि सुई वर, तर काय करायचे?

सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचे. याला दुसरा पर्याय नाही.

इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण गरमवर लावा, असे जुने चालक सांगतात. सल्ला खरा आहे. हीटर कोअर हा एक छोटा जादा रेडिएटरच असल्याने थोडी उष्णता तिकडून निघून जाते. पण त्या क्षणी हीटरमधून गार हवा आली, तर त्याचा अर्थ कोअरपर्यंत कूलंट पोहोचतच नाही. एक तर ते संपले आहे किंवा पंप फिरवत नाही. मग ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ हा विचार सोडून द्यावा. त्या चार-पाच किलोमीटरमध्ये सिलिंडर हेड वाकते आणि काही शेकड्यांत भागले असते ते काम हजारोंवर, कधी लाखाच्या घरात जाते.

सुईवरही पुरता भरवसा ठेवू नये. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पातळी त्याच्याही खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि सुई भलतेच सांगू शकते. शिवाय कित्येक लहान गाड्यांत सुईच नसते. इंजिन गार असताना निळा आणि अति तापल्यावर लाल, एवढे दोन दिवे असतात. दोन्हींच्या मधले काहीच कळत नाही. अशा गाडीत हीटरची ऊब हाच चालकाला मिळणारा जास्तीचा तापमापक समजावा.

ज्यांना आकडे हवेत, त्यांच्यासाठी गेल्या दशकभरातल्या बहुतेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगखाली निदानाचे सॉकेट असते. त्यात बसणारे ब्लूटूथ उपकरण काही शेकड्यांत मिळते आणि मोबाइलवर कूलंटचे तापमान अंशांत दाखवते. हीटरच्या निदानासाठी एवढे उपयोगी आणि एवढे स्वस्त दुसरे साधन नाही, असे म्हणायला हरकत नाही.

वेगात गार, कोंडीत गरम : ही उलटी तऱ्हा कशामुळे?

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पहाटे गार हवा आणि शहरात शिरून कोंडीत अडकले की ऊब, असे असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटरला वाजवीपेक्षा जास्त थंड करतो आणि उघड्या थर्मोस्टॅटमुळे ते थंड कूलंट थेट इंजिनात फिरत राहते. मोबाइलवर पाहिले तर तापमान ९०च्या आसपास स्थिर राहण्याऐवजी ६०-७० पर्यंत घसरताना दिसते. कित्येक गाड्या ‘पी-०१२८’ हा संकेतांकही नोंदवतात. इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ.

उपकरण नसेल तर रेडिएटरच्या वरच्या जाड नळीला सकाळी, इंजिन सुरू केल्यावर, हात लावून पाहावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर ती काही मिनिटे गारच राहते आणि मग झपाट्याने तापते. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर वाट उघडी आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या नळीकडे असतो, तिथे हीच चाचणी खाली करावी. हात लावताना रेडिएटरच्या पंख्यापासून लांब राहावे, तो न सांगता सुरू होतो.

आता आपल्याकडच्या एका खोडीबद्दल. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, ही पद्धत अनेक गॅरेजांत रुळलेली आहे. ‘आपल्याकडे एवढी थंडी असतेच कुठे?’ हे त्यामागचे कारण. उन्हाळा निभावतो आणि मालक खूश होतो. पण इंजिन मग कायम अर्धवट गार चालते. संगणक ते गार समजून जादा इंधन सोडत राहतो, मायलेज घटते, ऑइलमध्ये ओल साचते, झीज वाढते. गाडी मुळात का तापत होती, हे शोधायचे राहूनच जाते. जुनी गाडी असेल आणि हीटर कधीच पुरता गरम होत नसेल, तर थर्मोस्टॅट बिघडला आहे का, याआधी तो जागेवर आहे का, हे पाहायला सांगावे.

दोन नळ्यांची चाचणी कशी करायची?

केबिनकडे जाणाऱ्या त्या दोन नळ्या बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूला दिसतात. इंजिन तापलेले, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मध्यम, अशा स्थितीत दोन्हींना क्षणभर, जाड कापडातून, हात लावावा. दुरून तापमान मोजणारी बंदूक असेल तर उत्तमच.

दोन्ही सारख्याच कडकडीत असतील आणि तरीही आत हवा गार असेल, तर कूलंटचे काम चोख आहे. दोष झडपेचा. एक कडकडीत आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर कूलंट कोअरच्या तोंडाशी येते, पण आतून सरकत नाही. कोअर बुजला आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही, कूलंट कमी आहे, पंप दुबळा झाला आहे किंवा तारेचा व्हॉल्व्ह उघडलेला नाही.

कोअर बुजण्यामागे बहुतेक वेळा आपले पाणी असते. कूलंट कमी झाले की नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतायचे, ही सवय मराठवाडा-विदर्भाच्या जड पाण्याच्या पट्ट्यात कोअरला घातक ठरते. गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा क्षार चढतो, तसाच तो कोअरच्या बारीक नळ्यांत चढतो. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्ये नसल्याने गंजाचा गाळही त्यात मिसळतो. अशा कोअरमध्ये एका बाजूच्या खिडकीतून ऊब आणि दुसऱ्या बाजूने गार हवा, असाही प्रकार दिसतो. सुरुवातीच्या टप्प्यात नळ्या सोडवून, उलट्या दिशेने बेताच्या दाबाने पाणी सोडून कोअर साफ करता येतो. दाब जास्त लावला तर जुना कोअर फुटतो आणि मग पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यासाठीची मजुरी कोअरच्या किमतीहून जास्त असते.

टकटक आवाज येत असेल तर?

तर खिसा थोडा हलका होईल, पण इंजिनाची काळजी नाही. हवा दोन-चार सेकंदांत गरमाची गार झाली आणि त्याचा वेगाशी, फेऱ्यांशी, चढ-उताराशी काहीच संबंध नसेल, तर दोष झडपेकडे बोट दाखवतो. एवढे कूलंट इतक्या पटकन थंड होऊच शकत नाही. आताच्या गाड्यांत ही झडप छोट्या विद्युत मोटारीने हलते. तिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात. आतल्या प्लास्टिकच्या चाकाचा दात तुटला की डॅशबोर्डमागे टकटक सुरू होते आणि झडप वाटेल तिथे थांबते. बॅटरी बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर अ‍ॅक्चुएटर आपली जागा विसरला असण्याची शक्यता असते. काही गाड्यांत तो पुन्हा शिकवण्याची पद्धत पुस्तिकेत दिलेली असते.

आपोआप तापमान राखणाऱ्या यंत्रणेत आणखी एक गंमत आहे. स्टिअरिंगच्या आसपास एक नाण्याएवढी जाळी असते, तिच्यामागे केबिनचे तापमान मोजणारा सेन्सर बसलेला असतो. जाळी धुळीने भरली की यंत्रणेला केबिन भलतीच गरम किंवा गार वाटते. तापमान थेट शेवटच्या ‘हाय’ टोकाला नेऊन पाहावे. तिथे ऊब एकसारखी राहत असेल, तर कूलंट आणि झडप दोन्ही ठीक असून सेन्सरचा घोळ आहे.

सीएनजी गाड्यांमध्ये ही तक्रार वेगळी असते का?

हा मुद्दा परदेशी व्हिडीओंमध्ये सापडत नाही, पण महाराष्ट्रात तो मोठा आहे. सीएनजी टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाकडे जाण्याआधी रिड्यूसर हा दाब उतरवतो आणि दाब एवढा उतरताना वायू अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याच्यातून गरम कूलंट फिरवले जाते. बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये हे कूलंट हीटरच्या त्याच दोन नळ्यांना टी जोडून घेतलेले असते.

म्हणजे कोअरच्या वाटणीत एक भागीदार आला. टी चुकीच्या जागी बसला, नळी दुमडली किंवा किट बसवताना शिरलेली हवा नीट काढली नाही, तर कमी फेऱ्यांवर कूलंट सोप्या वाटेने रिड्यूसरमधून परत जाते आणि कोअर उपाशी राहतो. किट बसवल्यानंतरच हीटर लहरी झाला असेल, तर बाकी काही उघडण्याआधी हे टी पाहावेत. सीएनजीवर सकाळी गाडी झटके घेते, रिड्यूसरवर दव किंवा बर्फासारखा थर दिसतो आणि हीटरही गार आहे, असे एकाच वेळी होत असेल तर कूलंट त्या वाटेला फिरतच नाही.

हीटर नसला तर महाराष्ट्रात बिघडते काय?

थंडीपुरता विचार केला तर फारसे नाही. स्वेटर घालून चालते. पण हीटरची खरी गरज आपल्याकडे पावसाळ्यात लागते. आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेज घाटात भर पावसात चार माणसे गाडीत बसली की काचेवर आतून वाफ धरते. एसी हवेतली ओल काढून घेतो आणि हीटर काच उबदार ठेवतो. दोन्ही एकत्र, बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत लावले, तर काच मिनिटाभरात स्वच्छ होते. नुसता एसी लावला तर काच गार पडून बाहेरूनही धुरकट होते. वळणावर समोरून एसटी येत असताना हातरुमालाने काच पुसत बसण्याची वेळ येते ती यामुळे.

यात हीटर कोअर गळका असेल तर गोष्ट आणखी बिघडते. गोडसर वास, पुढच्या डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली ओल आणि पुसली तरी पुन्हा येणारी तेलकट साय ही त्याची लक्षणे. एसीचे पाणीही कधी आत गळते, पण ते बिनवासाचे असते, चिकट नसते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड. सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांनी चाटले तर ती दगावतात. त्यामुळे सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

हिमालयात जाणाऱ्यांनी काय पाहावे?

अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीपलीकडे हिवाळ्यात मोटारीने जाणे सोपे झाले. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे साधे पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते. गाडीचे कूलंट उकळत नाही, कारण झाकण मंडलात दाब धरून ठेवते. पुण्यात कसाबसा निभावणारा झाकणाचा रबर घाटाच्या चढावर दाब सोडतो, कूलंट उकळून बाहेर जाते आणि हीटर त्याच रात्री गार पडतो, जेव्हा तो सर्वांत जास्त हवा असतो. नवे झाकण हे निघण्याआधी करायचे सर्वांत स्वस्त काम आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वर्षभर साधे पाणी टाकून ‘वाढवलेले’ कूलंट शून्याच्या आसपास गोठू लागते. सकाळी हीटर चालत नाही आणि तासाभराने चालू लागतो, ही तिथली तक्रार कोअरमध्ये गोठलेल्या पाण्याची असू शकते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या जोराने कोअरच काय, इंजिनाचा ब्लॉकही तडकतो. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत साथ देते. तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. रंग पाहून कूलंट निवडणेही चुकीचे. रंग कंपन्या आपापल्या मर्जीने ठेवतात, पुस्तिकेत लिहिलेला प्रकार पाहावा.

अडकलेली हवा घरी काढता येते का?

साध्या रचनेच्या गाडीत येते. इंजिन गार असताना, तोंड चढाच्या बाजूला राहील अशी गाडी उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे झाकण मंडलात सर्वांत उंच राहते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे. बुडबुडे येत राहतात, पातळी उतरते, तसतसे कूलंट भरत जावे. थर्मोस्टॅट उघडण्याच्या सुमारास पातळी एकदम खाली जाते. ती भरून, उसळी येण्याआधी झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी पाहावी. काही गाड्यांत हवा सोडायचा स्क्रू असतो, तर काहींना निर्वात पंपाने भरणेच योग्य असते. तिथे हातचलाखी करू नये.

गाडीच नव्या धाटणीची असेल तर?

तर कधी कधी दोष नसतोच. स्ट्राँग हायब्रिड गाडी सिग्नलला इंजिन बंद करते. कूलंट निवत जाते आणि हवा थोडी गार पडते. मग केवळ हीटरसाठी इंजिन पुन्हा सुरू होते. हे रचनेतच आहे. चांगली डिझेल इंजिनेही थंडीत उभ्या उभ्या फारशी तापत नाहीत, कारण ती उष्णता कमी वाया घालवतात. सकाळी दहा मिनिटे घुरघुरत ठेवण्यापेक्षा बेताच्या वेगाने गाडी काढलेली बरी. विजेवरच्या गाडीत इंजिनाची फुकटची ऊबच नसते. तिथे विजेचा हीटर किंवा हीट पंप बॅटरीतून खातो आणि ऊब कमी-जास्त झाली तर दोष वेगळ्याच ठिकाणी शोधावा लागतो.

जुनी गाडी विकत घेताना मात्र हीटर एप्रिल-मे महिन्यातसुद्धा लावून पाहावा. पंधरा मिनिटे गाडी चालवून कळ लाल टोकाला न्यावी, पाच मिनिटे उभ्या स्थितीत आणि पाच मिनिटे वेगात. स्वयंपाकघरातला तापमापक खिडकीशी धरला तर आकडा साधारण ५० ते ६० अंशांवर स्थिर राहायला हवा. मग बॉनेट उघडून त्या दोन नळ्या कोअरकडे जातात की गळका कोअर झाकण्यासाठी परस्पर एकमेकींना जोडून दिल्या आहेत, हेही पाहावे. तसे आढळले, तर डॅशबोर्ड उतरवून कोअर बदलण्याचा खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच पुढची बोलणी करावीत.